जीभ न घासता या

“मधू, तू लेकरू सांभाळून नाही राह्यली, पहारा देऊन राह्यली. अन् पहारेवाला एक दिवस खुर्चीतच कलंडते, पाह्य तू.”

हे मला खालच्या मजल्यावरच्या कमलाबाईंनी सांगितलं होतं. त्या सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स, म्हणजे माणसं कलंडताना त्यांनी भरपूर पाहिलेली. मी “हौ काकू” म्हणून हसले आणि जिना चढून वर पळाले. वर खुशी झोपली होती आणि तिचं पोट खालीवर होतंय की नाही हे बघून मला पाचेक मिनिटं होऊन गेली होती.

मी खुर्चीत नाही कलंडले. जिन्यात कलंडले.

खुशी तेव्हा दीड वर्षाची होती. तिला कडेवर घेऊन भाजीवाल्याला थांबवायला उतरत होते. जिना वळतो तिथे माझ्या गुडघ्यांतून कोणी दोरी ओढून घेतल्यासारखं झालं आणि मी भिंतीला घासत खाली बसले. खुशीला काही लागलं नाही. तिला तो खेळ वाटला, “आनखी!” म्हणाली. मला मात्र उठता येईना. हात असे कापत होते की तिला परत उचलायची हिंमतच होईना. त्यानंतर उभ्याने मी तिला उचललंच नाही. ती हात वर करून आली, की मी खाली बसायचे आणि तिला मांडीवर घ्यायचे. काही दिवसांनी तिने हात वर करणंच सोडलं.

सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त चांगलं, थायरॉइड चांगलं, साखर चांगली. मोठ्या डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, “टेन्शनचा थकवा आहे. आराम करा.” आराम करा म्हणजे नेमकं काय करा, हे मात्र कोणी लिहून देत नाही.

माझा नवरा संकेत लांजीला सिंचन खात्यात आहे, शनिवारी मोटारसायकलने घरी येतो. त्याने माझ्या मम्मीशी फोनवर बोलून घेतलं आणि मला अगदी हळू आवाजात सांगितलं, “दिवाळीपर्यंत बघू. नाहीच जमलं तर खुशीला सहा महिने अमरावतीला ठेवू, मम्मीकडे. तू ठणठणीत झालीस की आणू.” तो चिडून बोलला असता तर मी भांडले असते. तो प्रेमाने बोलला, म्हणून मला घाम फुटला.

म्हणजे माझ्यापुढे काम एकच होतं. दिवाळीच्या आत खुशीला कडेवर घेऊन तो जिना उतरायचा. नाहीतर ती अमरावतीला.

तोवर खुशीची ने-आण माझ्या सासूबाईंनी उचलली. त्यांचं नाव उमा, मी त्यांना आई म्हणते. सकाळी अंगणात, संध्याकाळी देवळात, मधे दोनदा कमलाबाईंकडे, नात कायम आजीच्या कडेवर. आईंच्या तोंडात कायम पान. कात-चुना त्या स्वतः लावणार, दुसऱ्याने लावलेलं पान त्यांना चालत नाही. ओठ लाल, जीभ लाल. आमच्या लग्नाच्या फोटोतही त्या एकट्याच तोंड मिटून हसलेल्या आहेत.

जिन्याच्या वळणावर लाइटच्या मीटरच्या पेटीमागे चिमण्यांचं घरटं आहे. चढताना आई तिथे न चुकता थांबायच्या. “पाह्य खुशी, चिऊ पाह्य!” मग आजी-नात बराच वेळ चिमण्या बघत बसायच्या. मी वरच्या दारात उभी. “आई, दूध थंड होऊन राह्यलं!”

“येऊन राह्यली नं. पोट्टीले चिमण्या पाहू दे.”

चीनवाल्या डॉक्टरणीचं नाव मला कमलाबाईंनीच सांगितलं. डॉक्टर वल्लरी. मूळच्या गोंदियाच्या, एमबीबीएस चीनमध्ये केलेल्या, परत येऊन इथली परीक्षाही पास झालेल्या. पण तिकडे असताना तिथल्या जुन्या वैद्यकाचा नाद लागला आणि त्या तेही शिकून आल्या. मंगळवारी आणि शनिवारी आमच्या बालाघाटला येतात, काली पुतली चौकाजवळ एका औषधाच्या दुकानावर खोली घेतली आहे.

“चायनाची लाइटिंग दिवाळीच्या आधी जाते,” आई म्हणाल्या, “अन् तू अंगात चायनाच्या सुया टोचून घेशीन?”

“आई, डॉक्टरीण गोंदियाची आहे.”

“अन् सुया कुठच्या?”

ते मला माहीत नव्हतं. तरी गेले. आई खुशीला घेऊन बरोबर आल्या. मला एकटीला सोडायला त्या तयार नव्हत्या, आणि खुशीला सोडायला मी.

डॉक्टर वल्लरी माझ्याच वयाच्या निघाल्या, ओढणी कमरेला बांधून कामाला बसलेल्या. आधी माझे सगळे रिपोर्ट वाचले, शांतपणे, एकेक कागद. म्हणाल्या, “हे सगळं नीट असल्याशिवाय मी कोणाला हात लावत नाही. आता जीभ दाखवा.”

मी दाखवली. त्यांनी बॅटरी मारली, वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“घासून आल्या ना?”

“म्हणजे काय! डॉक्टरकडे यायचं होतं.” मी त्या दिवशी तांब्याची जिभली जरा जास्तच फिरवली होती. इतकी, की जीभ चुरचुरत होती.

“अहो, मी जीभ वाचते. तुम्ही पाटी पुसून आणली. आपल्याकडचा एकही पेशंट मला बिनघासलेली जीभ दाखवत नाही! तिकडे शिकवताना हे कोणी सांगितलं नव्हतं.” मग दारातल्या कंपाउंडरकडे वळून ओरडल्या, “भैयालाल, बाहर बोर्ड लगा दो रे, जीभ न घासता या!”

आई पदराआड हसत होत्या. मी म्हटलं, “आईंची पण बघा ना डॉक्टर, गंमत म्हणून.” आईंनी लगेच जीभ काढली. लालभडक. डॉक्टरांनी हात जोडले. “आजी, तुमच्या जिभेवर तर फक्त कात दिसतो.” आम्ही सगळे हसलो. खुशीने सगळ्यांच्या आधी जीभ बाहेर काढली होती, आणि कोणी बघत नाही म्हणून रुसली होती.

मग त्यांनी माझ्या दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवली. कितीतरी वेळ. डोळे मिटून. मधेच विचारलं, “मुलगी झोपली की तिचा श्वास बघता?”

“हो.”

“आणि जागी असते तेव्हा?”

मी खुशीकडे पाहिलं. आई म्हणाल्या, “तवा बी पाह्यते, बाई.”

शनिवारी मी बिनघासलेली जीभ घेऊन गेले, तोंडावर रुमाल धरून, रस्त्यात कोणाशी न बोलता. आणि डॉक्टरांनी ती खरंच वाचली! समोर आरसा धरून मलाही वाचायला शिकवलं. कडांवर दातांचे ठसे उमटलेले, करंजीची कड मुडपतात तसे. ते थकव्याचे. टोक तिखट खाल्ल्यासारखं लाल, ते काळजीचं. “तिकडची विद्या असं मानते,” त्या म्हणाल्या. “मी खात्री देत नाही, पण तुमचं शरीर पहाऱ्यावरून उतरायला तयार नाही, एवढं मलाही दिसतं.”

पहारा! मला कमलाबाई आठवल्या.

मग सुया. केसासारख्या बारीक. टोचताना मुंगी चावल्यासारखं, आणि मग आत कुठेतरी जड, झिणझिण. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला एक जागा आहे, चालून थकलेल्या माणसाला तिथे शेक दिला की तो अजून तीन ली चालतो, असं चिनी लोक म्हणतात. ली म्हणजे त्यांचं अंतर मोजायचं माप. तिथे त्यांनी वाळलेल्या पानांची जाड वात पेटवून जवळ धरली. धूर आला आणि मी पडल्यापडल्या ओरडले, “दवणा!”

“दवण्याचा भाऊ,” डॉक्टर म्हणाल्या.

मी बॉटनीत एम.एस्सी. केलं आहे. खुशी झाल्यापासून एका झाडाचं नाव मनात आलं नव्हतं. आता कूळ, पान, पानामागची पांढरी लव, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. त्या टेबलावर मला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही, आणि त्यानंतर मी गाढ झोपले. दुपारी! खुशी बाहेर आईंकडे असताना!

कानाच्या पाळीवर डॉक्टरांनी चिकटपट्टीखाली बारीक बिया लावून दिल्या. नियम असा, की खुशीचा श्वास बघायला उठावंसं वाटलं की आधी ती बी दाबायची, दहा श्वास स्वतःचे घ्यायचे, मग जायचं. पहिल्या दिवशी माझा कान टोमॅटोसारखा लाल झाला. आईंनी विचारलं, “काहून वं, कानात मच्छर गेला का?” पण आठवड्याभरात असं व्हायला लागलं, की दहा श्वास होईपर्यंत मी कशासाठी उठत होते तेच विसरायचे.

खाण्याला सांगितलं, तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजवायचे, आलं घालायचं, खारीक घालायची, गरम प्यायचं. आईंनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर म्हणाल्या, “हे तं पेज आहे! पेज प्यायले चीनले जा लागते का?” पण रोज सकाळी त्यांनीच केली. आणि दुपारी मी झोपावं म्हणून खुशीला घेऊन त्याच खाली जायच्या, परत वर यायच्या, परत जायच्या.

आणि मला बरं वाटायला लागलं! हे मी कसं सांगू? आधी एक दिवस केस विंचरताना हात दुखला नाही. मग एक दिवस कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या लक्षात राहिल्या. एका शनिवारी संकेत आला तेव्हा मी गच्चीवर होते, पापड वाळत घालत, आणि गाणं म्हणत. तो खालीच उभा राहिला. “चायनाची सुई चालली म्हणायची.”

“गॅरंटी नाही,” मी वरून म्हटलं, “पण चालली!”

मला जिभांचं वेडच लागलं. संकेतची पाहिली, त्याच्या मित्राची पाहिली, दूधवाल्याची मागितली तर तो सायकल घेऊन पळाला. खुशीचा तर तो आवडता खेळ झाला. कोणी घरी आलं की ही समोर उभी राहून हुकूम सोडायची, “आ!”

हरतालिकेचा दिवस उजाडला. आमच्याकडे आणि कमलाबाईंकडे पूजा एकत्रच असते, त्यांच्या ओसरीवर, वैनगंगेच्या वाळूची पिंड करून वर फुलांचा फुलेरा टांगतात. आईंचा उपवास निर्जळ. पाण्याचा थेंब नाही की पानाचा विडा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. मला डॉक्टरांनी फळं खायला लावली होती.

आई पुढे खाली गेल्या होत्या. वर मी आणि खुशी. मी साडी नेसले, केसात गजरा माळला आणि खुशीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बसले नाही. उभी राहिले आणि हात पुढे केले. ती क्षणभर थांबली, जणू मला खात्री आहे ना असं विचारत होती. मग तिने हात वर केले.

मी तिला उचललं! ती किती वाढली होती! कडेवर बसवली, पदर खोचला, कठडा धरला आणि उतरायला लागले. पडले होते ते वळण आलं. कानाची बी दाबायला हात मोकळा नव्हता. खुशीनेच चिमण्यांकडे बोट केलं, “चिऊ!” मी म्हटलं, “हौ, चिऊ,” आणि उतरत राहिले. शेवटची पायरी आली. ओसरी आली. मी कमलाबाईंसमोर उभी राहिले आणि मला वाटलं, फुलेऱ्याची सगळी फुलं माझ्याच अंगावर पडत आहेत.

“आई, बघा!”

आईंनी हात तोंडावर नेला. डोळे भरले. “जितली वं माही पोट्टी!” त्या म्हणाल्या, आणि खुशीला घ्यायला उठल्या, आणि परत खाली बसल्या. “पाय सुन्न झाले बसून,” म्हणाल्या.

खुशी माझ्या कडेवरून घसरून खाली उतरली आणि आजीसमोर जाऊन उभी राहिली. “आजी, आ!”

आईंनी हसून जीभ काढली.

पांढरी. पेजेवरचं पाणी थंड झाल्यावर दिसतं तशी. त्या जिभेवर मी लग्नापासून फक्त कात पाहिला होता. आज पान नव्हतं, म्हणून ती जशी आहे तशी समोर आली होती. कडांना दातांचे ठसे, माझ्यापेक्षा खोल.

“आई, परत दाखवा.”

“काहून? पाटी पुसली नाही म्या.”

“आई, दाखवा ना!”

माझा आवाज ऐकून कमलाबाई हळदीकुंकवाचं ताट ठेवून आल्या. त्यांनी आईंची खालची पापणी बोटाने ओढली. आत लाली असते तिथे काहीच नव्हतं. नखं पाहिली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “उमाताई, जिना चढताना दम लागते का तुम्हाले?”

“नाही ना बाप्पा. मी तं आरामात चढते. वळणावर थांबत, पोट्टीले चिमण्या दाखवत.”

मी कमलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रोज. दिवसातून इतक्या वेळा. माझी मुलगी कडेवर घेऊन. आणि मी वरच्या दारातून दुधाची घाई करत होते.

मी तिथूनच डॉक्टर वल्लरींना फोन लावला. त्यांनी पूर्ण ऐकलंही नाही. “माझ्याकडे आणू नका. हे सुयांचं काम नाही. आधी रक्त तपासा, आजच्या आज.”

आई ऐकायला तयार नाहीत. “आज उपास आहे. उद्या सकाळी गौर नदीत शिरवली की पाहू. मले काय झालं?”

“उपासाले पानी चालत नाही,” कमलाबाई म्हणाल्या, “सुई चालते. रक्त देऊन राह्यल्या तुम्ही, खाऊन नाही राह्यल्या.”

“हे कोण्या पोथीत हाय?”

“माझ्या. चाळीस वर्षं हरतालिकेले ड्युटी केली म्या.”

आई गेल्या. ऑटोत बसताना त्यांनी खुशीसाठी हात पुढे केले, सवयीने. मी म्हटलं, “माझ्याकडे आहे ती, आई.”

संध्याकाळी रिपोर्ट आला. रक्त अर्ध्याहून कमी. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला विचारलं, “या चालत आल्या?” कित्येक महिने मूळव्याधीतून रक्त जात होतं आणि त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मी रागावले तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाल्या, “तुझंच तं चालू होतं सारं. त्याच्यात माझं कुठं काढू?” आणि मग, अगदी खरं वाटून, “मले वाटलं मी पण टेन्शननं थकली.”

संकेत लांजीहून धावत आला. आईंना रक्ताची बाटली लागलेली पाहून त्याचा चेहरा उतरला. बाहेर बाकावर बसून म्हणाला, “मधू, आता तर खुशीला अमरावतीला पाठवावंच लागेल. आई इथे, तू एकटी. मम्मीला फोन करतो.”

“नको करू.”

“अगं, तुला परत काही झालं तर?”

मी उभी राहिले. खुशी त्याच्या मांडीवर पेंगत होती. तिला उचलून खांद्यावर घेतलं, दवाखान्याचा पूर्ण जिना उतरून खाली गेले, तिथल्या टपरीवरून त्याच्यासाठी चहा घेतला आणि परत वर आले. चहा थोडा सांडला. खुशी जागीही झाली नाही.

त्याने चहा घेतला. फोन खिशात ठेवला.

आई घरी आल्या त्या दिवशी आम्ही जिना सगळ्यांनी मिळून चढलो. पुढे त्या, मागे मी, कडेवर खुशी. मंगळवार-शनिवार माझं अजून चालू आहे. आईंच्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत, मूळव्याधीचे उपचार झाले आहेत. पान बंद नाही झालं, पण सकाळचं पान माझी तपासणी झाल्याशिवाय लागत नाही. त्या कुरकुरतात, “सासूची जीभ पाह्यते ही, कलियुग!” आणि दाखवतात. दिवसागणिक ती गुलाबी होत चालली आहे. ज्या दिवशी मला ते पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी मी खाली कमलाबाईंपर्यंत ओरडत गेले.

वळणावर आम्ही अजूनही थांबतो. पिल्लं केव्हाच उडून गेली, घरटं रिकामं आहे. “चिऊ कुठं गेली?” खुशी विचारते. आई म्हणतात, “येते, थांब.” आणि आम्ही तिघी थांबतो. आता दूध थंड झालं तर होऊ दे.

दिवाळीला चार दिवस आहेत. अमरावतीहून मम्मीच इकडे येणार आहे, फराळ घेऊन.

तुम्ही हे वाचत असाल तिथे, तुमच्या घरातही कोणीतरी जिन्यावर मधेच थांबत असेल. तुळशीकडे बघत, फोन शोधत, लेकराला काहीतरी दाखवत. तुमच्या दुखण्यात जी धावतेय, तीच असेल बहुतेक. आज तिच्याकडे जा. पान खायच्या आधी, जीभ घासायच्या आधी, समोर उभ्या राहा आणि म्हणा, “आ करा.” ती हसेल. हसू द्या. पण बघितल्याशिवाय परत येऊ नका.